टीआरपीचं मीटर शेवटी उघड्या दारातच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आवडती मालिका बंद झाली की आपण चॅनलला बोल लावतो, पण टीआरपीची घरं निवडतात कशी हे कुणी विचारत नाही. देशात टीव्हीवाली घरं सुमारे २१ कोटी, हा टीआरपी मोजणाऱ्या बार्क संस्थेचाच २०२० चा आकडा, आणि कोणतं चॅनल लावलंय ते टिपणारे मीटर तेव्हा होते ४४ हजार घरांत. म्हणजे एक घर जवळपास पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलणार! टीव्ही-फोनवर देखरेख करणारी सरकारी संस्था ट्राय २०२० मध्येच म्हणाली १ लाख घरं करा, करा ना, पण निवडच एका बाजूला झुकलेली असेल तर लाखाने काय होणार?

मीटरची घरं आधी सर्वे करून त्यातून निवडतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अशीच एक मुलगी टीव्हीच्या सर्वेला आली होती, सकाळचे अकरा, पाठीवर सॅक, हातात टॅब. वॉचमनने गेटवरच अडवली, सेक्रेटरींना फोन लावला, ते म्हणाले सर्वेवाले नकोत. मी भाजी घेऊन येत होते, तिला पाणी दिलं तर म्हणाली, काकू, टॉवरमध्ये कुणी घेतच नाही हो, मग समोरच्या चाळीत फॉर्म भरते, तिथे दारं उघडी असतात. तिची काही चूक नाही, तिला दिवसाचे फॉर्म पुरे करायचे असतात. पण अकराला घरी असतं कोण? नवराबायको दोघं लोकलमध्ये, पोरं कॉलेजात. सर्वेत घराचा आर्थिक-सामाजिक वर्ग ठरवतात मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि फ्रिज, वॉशिंग मशीनसारख्या वस्तू मोजून, आता फ्रिज दोघांकडेही असेल पण दार उघडणारा आणि न उघडणारा टीव्हीवर तेच बघतो हे कशावरून?

२०२० मध्ये मुंबई पोलिसांनी आरोप केला की ठरावीक चॅनल लावून ठेवायला मीटरच्या घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये मिळायचे. पुढे ती केस मागे घेतली गेली, त्यामुळे खरंखोटं कोर्टात ठरलंच नाही, न्यूज चॅनलची रेटिंग मात्र १७ महिने बंद होती.

बार्कने दरवर्षी शहरवार जाहीर करावं, किती दारं वाजवली, किती उघडली, किती घरांनी मीटर नको म्हटलं. बंद दारांवर संध्याकाळी आणि रविवारी परत जावं. आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना हात जोडून विनंती, ओळखपत्र बघा, रजिस्टरमध्ये नाव लिहून घ्या, पण त्या पोरींना आत सोडा.

– एक वाचक, डोंबिवली