अप्पासाहेबांचं उपोषण कशासाठी होतं ते तरी नीट छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात अप्पासाहेब पटवर्धनांवर पुण्यतिथीचा लेख आला तो वाचला, काल दिवसभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून आज लिहायला बसले. लेख छापलात त्याबद्दल आधी आभार मानते, कारण आमच्या सिंधुदुर्गात सुद्धा शाळेतल्या पोरांना हे नाव विचारलं तर सांगता येत नाही, गोपुरी, म्हणजे त्यांचा कणकवलीचा आश्रम, म्हटलं की एखाद्या हॉटेलचं नाव वाटतं त्यांना. पण त्या लेखातलं एक वाक्य काही केल्या घशाखाली उतरत नाहीये. रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेबांनी "कैद्यांच्या सोयीसुविधांसाठी" उपोषण केलं असं छापलंय तुम्ही. सोयीसुविधा? कसल्या सोयी? गादी-उशी मागत होते का ते?

अहो, त्या माणसाने तुरुंगात काय मागितलं होतं माहितीये ना, संडास साफ करायचं काम मागितलं होतं! १९३२ साल. तुरुंगात मैला उचलायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच द्यायचं असा रिवाज होता, बाकीचे सूत कातणार, दळण दळणार आणि हे मात्र बाहेर जे करायचे तेच आतही करणार. अप्पासाहेब ब्राह्मण घरातले, तत्त्वज्ञान शिकलेले, गांधीजींचं आत्मचरित्र मराठीत आणलं ते यांनीच, ते म्हणाले हे काम मलाही द्या. तुरुंगवाल्यांनी नाही म्हटलं, कारण नियमात बसत नाही. म्हणून त्यांनी अन्न तोडलं. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना हे कळलं, त्यांनी सरकारशी पत्रव्यवहार केला आणि ३ डिसेंबर १९३२ ला अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी स्वतः उपोषण सुरू केलं. पुणे करार होऊन अडीच महिने सुद्धा झाले नव्हते, आधीच्या उपोषणाने तब्येत खंगलेली, त्यात हे दुसरं. सरकारने विचार करतो असं सांगितल्यावर ते थांबवलं. एवढी मोठी गोष्ट, आणि तुम्ही ती तीन शब्दांत गुंडाळलीत, ती पण चुकीच्या.

बरं, जागा नव्हती असं म्हणायचीही सोय नाही. लेखाच्या निम्म्या जागेत फोटो आहे, त्यात प्रतिमेला हार घालणारे अकरा जण आणि खाली अकराही जणांची नावं हुद्द्यांसकट, कोण माजी, कोण विद्यमान, कोण भावी. ज्यांची पुण्यतिथी त्यांचा चेहरा हारामागे गेलाय. आणि वर मोठ्या अक्षरात "अहिंसेचे पुजारी, कोकणचे गांधी". कोकणचे गांधी लिहिलं की झालं, मग त्या माणसाने काय केलं ते कुणाला सांगावंच लागत नाही.

माझे वडील पन्नासच्या दशकात कणकवलीला गोपुरी आश्रमात जाऊन आले होते. तिथे अप्पासाहेबांनी मेलेल्या ढोरांची कातडी सोलण्यापासून कमावण्यापर्यंतचं काम उभं केलं होतं ते बघून आले, आणि संडास बघून आले. गोपुरी संडास. आल्याआल्या आमच्या परसात चिऱ्यांचा तसा बांधून घेतला, दोन कप्पे शेजारी शेजारी, एक वापरायचा, गेलं की वर राख आणि पातेरा, म्हणजे सुकी पानं, टाकायची, तो भरला की बंद करून दुसरा चालू करायचा, आणि दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं सगळं कुजून खत झालेलं असायचं. कुणाला बोलवायला नको, कुणी डोक्यावरून टोपली न्यायला नको. राखेचा डबा भरून ठेवायचं काम आम्हा मुलांकडे. सोनखत काढायची वेळ आली की वडील स्वतः उतरायचे, फावड्याने काढून माडाच्या आळ्यात घालायचे. हातात घेऊन शेजाऱ्यांना दाखवायचे, बघा वास येतो का, नुसती माती आहे. शेजारी कुंपणापलीकडूनच बघायचे. दोन घरांनी आमच्याकडचं पाणी बंद केलं ते माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नापर्यंत. आई यावरून रडायची, वडिलांनी तिला काय सांगितलं ते मला आठवतं, ते म्हणाले आपण कुणाला मारत नाही म्हणून आपण अहिंसावाले असं नाही गं, आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर देतो तोपर्यंत आपण रोजच मारतोय. वडील काही पुढारी नव्हते, साधे कारकून होते, पण अप्पासाहेबांचं म्हणणं त्यांना समजलं होतं.

आता मी हे सगळं का उगाळतेय तर मागच्या एप्रिलमध्ये आमच्या बिल्डिंगची सेप्टिक टाकी भरली. खाली पार्किंगमध्ये पाणी वर यायला लागलं. सोसायटीने कंत्राटदाराला फोन केला तर तो दोन पोरं घेऊन आला, वीस-बावीसची असतील. पहारीने झाकण उचकटलं, एक दोर, दोन बादल्या, बस. ना मास्क ना बूट. त्यातल्या एकाने शर्ट काढला, नीट घडी केली आणि कुठे ठेवू म्हणून इकडे तिकडे बघून एका स्कूटरच्या सीटवर ठेवला, तर वरून दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, ए, गाडीवर नको ठेवू रे, पूजा झालीय तिची. हे सद्गृहस्थ दर दोन ऑक्टोबरला खाली झाडू हातात घेऊन फोटो काढून घेतात. पोराने काही न बोलता शर्ट उचलला आणि जमिनीवर एक वीट बघून तिच्यावर ठेवला.

मी खाली गेले आणि टाकीजवळ उभी राहिले, म्हटलं कुणी आत उतरायचं नाही. २०१३ चा कायदा आहे, असं माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. सेक्रेटरी म्हणाले, काकी, त्यांचं रोजचंच काम आहे हे, तुम्ही वर जा, वासाने त्रास होईल. म्हणजे मला वासाने त्रास होईल आणि त्या पोरांना आत काही होणार नाही! टाकीतल्या गॅसने माणूस मिनिटात खलास होतो, एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, तुमच्याच पेपरात अशा बातम्या आतल्या पानावर चार ओळींच्या येतात. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखावरून तीस लाख केली ते मी तिथे उभं राहून सांगितलं, तेव्हा कुठे कंत्राटदार गप्प झाला. पण पोरंच माझ्यावर चिडली, आणि त्यांचं बरोबरच होतं, दिवस फुकट गेला त्यांचा. मी म्हटलं मजुरी सोसायटी देईल. मैला उपसायची गाडी मिळते, मागवायला लागते, पैसे जास्त पडतात, बाकी काही अडचण नसते. तिसऱ्या दिवशी ती आली आणि तासाभरात काम झालं, कुणाचा पाय सुद्धा ओला झाला नाही.

मग मीटिंग. न उतरलेल्या पोरांना मजुरी का द्यायची यावर एवढा वाद झाला की विचारू नका, गाडीचा खर्च माझ्याकडून घ्यावा असंही एकाने सुचवलं. शेवटी मजुरी दिली पण मीटिंगच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलंय, "देखभालीच्या कामात अडथळा आणला". ती ओळ अजून तशीच आहे. मी दोनदा लेखी दिलं की खोडा, कुणी खोडत नाही. मला त्याचं वाईट वाटतं ते मी लपवत नाही. ज्या जिल्ह्यात या माणसाने उभं आयुष्य मैल्याच्या कामातून माणूस सोडवण्यात घातलं, त्या जिल्ह्यात टाकीत उतरू नका म्हणणारी बाई म्हणजे अडथळा.

आणि संपादकसाहेब, हा तुरुंगाचा नियम कधी गेला ते सांगू का? ३ ऑक्टोबर २०२४ ला! सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी सुप्रीम कोर्टात याचिका केली होती, अनेक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये अजून लिहिलेलं होतं की साफसफाई कोणत्या जातीच्या कैद्याने करायची आणि स्वयंपाक कुणी. कोर्टाने ते सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. अप्पासाहेबांनी अन्न सोडलं त्याला तेव्हा ब्याण्णव वर्षं होत आली होती. तुमच्याच व्यवसायातल्या बाईने हे केलं, तरी तुमच्या लेखात या निकालाचा साधा उल्लेख नाही. हा एक धागा पकडला असता तर तो लेख शाळेतल्या पोरांनी सुद्धा वाचला असता, त्यांना कळलं असतं की १९३२ चं भांडण कालपरवापर्यंत कोर्टात चालू होतं. त्याऐवजी अकरा नावं.

त्यांचं निधन १९७१ साली झालं. आता त्यांना बघितलेली माणसं उरली किती? जी थोडी आहेत ती आता म्हातारी झालीत, त्यांच्याकडे तुमच्या एखाद्या तरुण वार्ताहराला पाठवा, दोन-तीन तास बसून ऐकू दे, गोपुरी संडास कसा बांधायचे ते विचारू दे, कुणाच्या परसात अजून पडका चौथरा असेल तर त्याचा फोटो काढू दे. हार घालतानाचे फोटो काढायला कुणालाही जमतं.

अजून एक, आता लिहितेच आहे तर. गेल्या मे महिन्यात मी याच टाकीबद्दल तुम्हाला पत्र पाठवलं होतं. ते तुम्ही छापलंत पण कापून कापून "सोसायट्यांनी स्वच्छतेकडे लक्ष द्यावे" एवढंच ठेवलंत. माणसं आत उतरवतात हे वाक्यच गाळलं. ते वाचून आमच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, छान लिहिलंय काकी, स्वच्छता महत्त्वाचीच. मी काय लिहिलं होतं आणि काय छापून आलं!

तेव्हा विनंती आहे की त्या वाक्याची दुरुस्ती छापा, उपोषण मैला साफ करायचं काम मिळावं म्हणून होतं असं स्पष्ट शब्दांत, आणि जिथे लेख छापला त्याच पानावर छापा, छोट्या जाहिरातींच्या खाली नको. हे पत्र लांबलंय, जागेअभावी कापावं लागणार हे मला माहीत आहे. कापायचंच असेल तर सुरुवातीचे आभार कापा, माझ्या वडिलांचं कापलंत तरी चालेल. टाकीचा भाग आणि तुरुंगाचा भाग ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक
जि. सिंधुदुर्ग