तीन वर्षांच्या पेरूला ‘दिव्यापासून लांब ठेवा’ म्हणणाऱ्या कंपनीस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(आणि त्यांच्या वरचे जे कोणी असतील ते)

विषय : फांदी वाकवण्याचा संच, निळा डबा, ५ नग. सातव्या फोननंतरची लेखी तक्रार.

काल, १८ मे रोजी, दुपारी पाऊण वाजता तुमच्या माणसाने मला सांगितलं की माझ्या पेरूच्या झाडाला दिवा फार जवळ आहे. त्यावर पुढे येतोच. आधी हिशेब.

एका डब्यात १०० क्लिपा, डबा ६४९ रुपये, पाच डबे ३,२४५ रुपये. पक्कं बिल आहे. माझी राहाता तालुक्यात दीड एकर पेरूची बाग आहे. वाण सरदार, लागवड तीन वर्षांची. त्यातली ४० झाडं तुमच्या संचासाठी निवडली. २० ते २२ एप्रिल असे तीन दिवस पाच बायका लावून फांद्या वाकवल्या. ४६० क्लिपा लागल्या. ४ मेपर्यंत त्यातल्या २१२ तुटल्या किंवा निसटल्या. ६१ फांद्यांची साल वाकवल्या जागी फाटली. ४ मेच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला आणि त्या ६१ पैकी २७ फांद्या फाटल्या जागीच कडाकडा मोडल्या. राहिलेल्यांच्या जखमांना मी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावत बसलो आहे.

हे सगळं मी तुम्हाला आधी सहा वेळा सांगितलं आहे.

पेरूची फांदी का वाकवतात, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. डब्यावर तुम्हीच छापलंय, ‘फांदी वाकवा, बहर मिळवा’. उभ्या फांदीचा शेंडा वरून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली सोडत राहतो आणि खालचे डोळे, म्हणजे फुटवे निघायच्या जागा, झोपलेले राहतात. फांदी आडवी केली की शेंड्याचा तो धाक संपतो, कमानीच्या पाठीवरचे डोळे जागे होतात आणि फुटवे निघतात. पेरूला कळी लागते ती नव्या फुटव्यावरच. म्हणून आधी दहा-पंधरा दिवस खत-पाणी द्यायचं, फांदीवरची पानं, कळ्या, बारीक फळं काढायची, शेंड्याकडच्या दहा-बारा जोड्या पानं तेवढ्या ठेवायच्या, मग फांदी कमानीसारखी खाली आणून बांधायची आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी सोडायची. बंगालात बारुईपूरकडचे पेरूवाले हे करत आले आहेत. यात तुमचा शोध काही नाही, तुमची फक्त क्लिप आहे. आणि क्लिपेत मोडण्यापलीकडे काही नाही.

‘कमानीसारखी’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. तुमची क्लिप फांदीला एकाच जागी काटकोनात मुडपते. पेरूची फांदी म्हणजे लाकूड आहे हो. करंगळीएवढी असली तरी लाकूडच. लाकडाला काटकोनात मुडपलं की काय होतं, हे आमच्या गावात बालवाडीतल्या पोराला कळतं.

विकताना दुकानदार म्हणाला होता, ‘सुतळीचा जमाना गेला, आता हे.’ माझी आई ७८ वर्षांची आहे. तिने सहा झाडं मला हात लावू दिली नाहीत. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फांदीला गुंडाळल्या, त्यावरून काथ्याची दोरी घेतली आणि बाभळीच्या खुंट्या ठोकून फांद्या हळूहळू, दोन दिवसांत थोड्या थोड्या करून, खाली ओढल्या. खर्च शून्य. त्या सहा झाडांची एकही फांदी मोडली नाही. त्याच वळवात. फुटवे दोन-दोन बोटं झाले आहेत, जूनच्या पहिल्या आठवड्यात दोऱ्या सोडणार. आई रोज सकाळी त्या बाजूने चक्कर मारते आणि माझ्या चाळीस झाडांकडे बघून काही बोलत नाही. तिने बोलावं असं मला फार वाटतं.

तुमच्या संचातल्या प्लास्टिकच्या खुंट्यांबद्दल स्वतंत्र पत्र होईल. काळी जमीन एप्रिलमध्ये भेगाळते, भेगेत तुमची वीतभर खुंटी म्हणजे डोलणारी काडी. आणि पाऊस पडला की ती आपोआप वर येते, जणू उगवलीच.

आता फोन.

पहिल्या सहा फोनचं थोडक्यात सांगतो. दोनदा गाणं ऐकवून बंद झाले. एकदा ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे मी १७ वेळा मोजलं. एकदा व्हॉट्सॲपवर फोटो मागवले. मी मोडलेल्या फांद्यांचे नऊ फोटो पाठवले. तिकडून उत्तर : ‘धन्यवाद! आपले रोप सुंदर दिसत आहे.’ बाकी दोनदा ‘वरिष्ठ फोन करतील’. वरिष्ठ अजून करायचे आहेत.

सातवा फोन मात्र पूर्ण लागला. देवाच्या दयेने म्हणणार होतो, पण नको. माणूस नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवला होता त्यावर आहे. संभाषण जसंच्या तसं देतो, कारण नंतर तुम्ही म्हणाल की असं झालंच नाही.

‘सर, झाडाचं वय?’
‘तीन वर्षं.’
‘आठवड्यांत सांगाल का सर?’
मी मनात गुणाकार केला. ‘एकशे छप्पन्न.’
थोडा वेळ टकटक ऐकू आली. ‘सर, सिस्टिम एवढे आठवडे घेत नाहीये. मी बारा टाकतो.’
‘टाका.’ (इथे मी गप्प बसलो ही माझी चूक.)
‘कुंडी किती लिटरची आहे?’
‘कुंडी नाही. वावर आहे.’
‘ओके सर. वावर म्हणजे घराच्या आत की बाहेर?’
‘बाहेर.’
‘दिवा किती वॅटचा लावलाय?’
‘दिवा कसला? सूर्य आहे.’
‘ते बरोबर आहे सर, पण वॅट सांगावे लागतील.’
‘भाऊ, सूर्याचे वॅट मला माहीत नाहीत.’
‘ठीक आहे सर, मी माहिती नाही असं टाकतो. सर, तुमच्या प्रॉब्लेमचं कारण सापडलंय. खोड जास्त टणक झालंय. आपलं प्रॉडक्ट हिरव्या, कोवळ्या खोडासाठी आहे. झाड दिव्यापासून थोडं लांब घ्या, कुंडी रोज थोडी फिरवा आणि दोन दिवस सावलीत ठेवा.’

चाळीस झाडं. दीड एकर. सावलीत ठेवा.

मी विचारलं, ‘डब्यावर पेरूचा फोटो आहे. पेरूचं खोड कोवळं कधी असतं?’ त्यावर तो म्हणाला, ‘सर, प्रॉडक्टमध्ये दोष नाही. झाडाची निवड चुकली आहे.’

झाडाची निवड. ज्या झाडाचा फोटो तुम्ही डब्यावर छापलाय, त्याच झाडाची निवड माझी चुकली. सरदार पेरूला लोक लखनौ-४९ म्हणतात, पण त्याची निवड झाली आपल्या पुण्यात, गणेशखिंडीत, १९२७ साली. म्हणजे डब्यावर एक नाव आणि मूळ भलतीकडचं, हा प्रकार पेरूला नवा नाही. फरक एवढाच की सरदार पेरू नावाप्रमाणे नसला तरी पेरू आहे.

तुमचा संच पेरूचा नाहीच, हे मला माझ्या भाच्याकडून कळलं. तो कॅनडात, ओंटारिओत असतो. डब्यातलं माहितीपत्रक मी व्हिडिओ कॉलवर त्याला दाखवलं. त्यावर पेरूच्या फांदीचं स्टिकर चिकटवलेलं आहे, एका बाजूने सुटलेलं. तो म्हणाला, ‘मामा, स्टिकर काढ बरं.’ काढलं. खाली सात बोटांचं, कातरलेल्या कडांचं हिरवं पान. तो इतका हसला की फोन हातातून पडला. म्हणे तिकडे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, घरटी चार झाडं लावता येतात, आणि त्याच्या शेजाऱ्याच्या तळघरात चारही झाडांना हीच क्लिप लावलेली आहे. तळघराचं छत बुटकं, वर एकच दिवा. झाड उंच गेलं तर शेंड्यालाच उजेड मिळतो, खालचं सगळं उपाशी राहतं. म्हणून खोड कोवळं असतानाच आडवं करून बांधतात, म्हणजे सगळे शेंडे एका पातळीवर येतात. झाडाचं आयुष्यच चार-पाच महिन्यांचं, दांडा हिरवा, तो काटकोनात मुडपला तरी चालतो. दोन-चार दिवसांत शेंडा पुन्हा वर वळतो.

तेव्हा मला तुमचा सातवा फोन समजला. कुंडी, वॅट, बारा आठवडे, सगळं समजलं. तुमच्या माणसाचा कागद बरोबर होता. डबा खोटा होता.

शेंड्याचा धाक मोडायचा, हे तत्त्व गांजाला आणि पेरूला एकच आहे, इतपत मान्य. पण तत्त्व एक म्हणून वस्तू एक होत नाही. बैलाला आणि मांजराला दोघांनाही चार पायच आहेत, तुम्ही मांजराच्या गळ्यातला पट्टा बैलाला विकलात.

आणि तो कागद घरात ठेवणं किती त्रासाचं आहे, याची कल्पना एसीत बसून येणार नाही. स्टिकर काढलेलं पत्रक ओट्यावर पडलं होतं. पोलीस पाटील चहाला आले. त्यांनी ते उचललं, उलटसुलट बघितलं, मग बागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘पेरूच आहे ना रे वावरात?’ आमचे तीस वर्षांचे संबंध आहेत म्हणून हसण्यावारी गेलं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजाचं झाड लावायला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे तुमच्या कायदा विभागाला ठाऊक असेल, आणि म्हणूनच स्टिकर लावलं असेल. निदान डिंक तरी चांगला वापरायचा.

मी तुमचा नवा गिऱ्हाईक नाही. वडिलांच्या पाठीवरचा पितळी फवारणी पंप तुमचाच होता. वायसर बदलत बदलत त्यांनी तो वीस वर्षं चालवला आणि अजून माळ्यावर आहे, ओढला तर दाब धरतो. ती कंपनी आणि ही कंपनी एकच आहे, हे डब्यावरच्या चिन्हावरून समजायचं, एरवी समजत नाही. पंपाबरोबर मराठीत पुस्तिका यायची, आणि त्या वेळी तुमचा माणूस स्वतः बांधावर येऊन नोझल लावून दाखवायचा असं आई सांगते. त्याला कुणी आठवडे विचारायला शिकवलं नव्हतं.

आता मागणी. संचाचे ३,२४५ रुपये. पाच बायकांची तीन दिवसांची मजुरी, ३०० प्रमाणे, ४,५०० रुपये. एकूण ७,७४५. मोडलेल्या २७ फांद्यांचा हिवाळ्यातला माल मी यात धरलेला नाही, तो धरायला लावू नका. शिवाय आमच्या तालुक्यातल्या दुकानांत स्टिकरवाले जेवढे डबे आहेत तेवढे उचला, आणि ज्याने पेरूचं झाड जमिनीत उभं असलेलं पाहिलंय असा एक माणूस बागेवर पाठवा. कुंडी घेऊन येऊ नका.

१५ दिवस थांबतो. मग अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, तुम्ही मुंबईत असा नाहीतर चंद्रावर. पाच लाखांच्या आत फी लागत नाही. ‘शेतकऱ्याने व्यापारासाठी घेतलं’ असं वकिलाकरवी म्हणायचा विचार असेल तर सोडून द्या, स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू त्यात बसत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलंय. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केलेलाच आहे. तिथे पहिल्याच वेळी माणसाने उचलला आणि त्याने मला वॅट विचारले नाहीत.

मोडलेल्या फांद्या मी ठेवल्या आहेत. तुमच्या दुकानदाराच्या दारात, तुमच्या क्लिपेसकट, टांगायचा विचार होता. आई नको म्हणाली. अजून तरी.

कुरिअरने सोबत पाठवत आहे : बिलाची प्रत, नऊ फोटो (पुन्हा), स्टिकर काढलेलं पत्रक आणि वेगळं ते स्टिकर, तुटक्या क्लिपांची पिशवी. क्लिपा मोजून घ्या, तुटलेल्या आणि निसटलेल्या मिळून २१२ आहेत.

एक मात्र सांगायला हवं. मुलीने १४ क्लिपा अंगणातल्या मनीप्लँटला लावल्या आहेत आणि तिथे त्या छान बसल्या. त्या परत करणार नाही. त्यांचे ९१ रुपये वजा करा. म्हणजे ७,६५४.

आपला, पाच डब्यांचा ग्राहक
राहाता तालुका, १९ मे