इंटरप्टची व्याख्या पाठ, इंटरप्ट मात्र कुणी पाहिलेला नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मारुती रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुतणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जर्नलात इंटरप्टची आकृती सुबक काढलेली आहे. इंटरप्ट म्हणजे टायमर, कीबोर्ड अशा भागांनी प्रोसेसरला 'हातातलं थांबव, आधी माझ्याकडे बघ' म्हणून मारलेली हाक. सगळ्या वर्गाची तीच. बाण चुकलाय तोही सगळ्यांचा एकाच जागी.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं हौसेनं स्वतःचा छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहायला घेतला, क्यूएमू या फुकट मिळणाऱ्या आभासी मशीनवर. इंटरप्ट चालू केले रे केले, की पडद्यावर 'डबल फॉल्ट', म्हणजे एक चूक निस्तरताना दुसरी झाली असा प्रोसेसरचा इशारा. दोन रात्री ती कोडात फॉल्ट शोधत बसली. मला कर्नल लिहिता येत नाही. पण मशीन उठत नसेल तर आम्ही सगळी कार्डं काढतो आणि एकेक लावून बघतो. तेच सांगितलं. तिनं सगळ्या इंटरप्ट लाइनी बंद केल्या. डबल फॉल्ट गायब. एकट्या टायमरची उघडली, की परत हजर.

"काका, फॉल्ट नाहीच ओ, टायमर आहे हा!"

प्रत्येक इंटरप्टला नंबर असतो. पीसीमध्ये ते प्रोसेसरला पोचवणारी ८२५९ चिप टायमरचा इंटरप्ट ८ नंबरवर पाठवते, अशी जुन्या काळापासूनची रचना. प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे तिचा कर्नल चालतो त्या अवस्थेत, तोच ८ नंबर डबल फॉल्टचा. पहिले ३२ नंबर, शून्यापासून ३१ पर्यंत, इंटेलनं प्रोसेसरसाठी राखलेत. म्हणून चिपला ३२ पासून सुरुवात करायला सांगावं लागतं. ते राहिलं होतं.

मग कीबोर्ड. पहिलं बटण दाबलं, अक्षर उमटलं. नंतर कितीही दाबा, ढिम्म. क्यूएमूचा इंटरप्टचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, उघडला तर कोरा! केव्हीएम ही वेग वाढवणारी सोय चालू होती, म्हणजे कोड खऱ्या प्रोसेसरवरच पळत होता, क्यूएमूला कळणार काय? ती बंद केल्यावर ओळी आल्या: ३२, ३२, ३३, ३२, ३२, ३२... टायमर चालूच, कीबोर्डचा ३३ मात्र एकदाच. काम झाल्याचं चिपला कळवणारी एक ओळ कीबोर्डच्या हँडलरमध्ये, म्हणजे त्याचा इंटरप्ट आला की चालणाऱ्या कोडात, नव्हती. ती मिळेपर्यंत चिप त्या लाइनीचा पुढचा इंटरप्ट सोडत नाही. टायमरचा मान वरचा, म्हणून तो सुटत होता.

सुट्या ८२५९ चा एक जुना बोर्ड मी पोरांना दाखवायला जपला होता. २०१९ च्या पुरात गेला. क्यूएमूत मात्र ती चिप अजून आहे, आणि ती पाण्यात भिजत नाही.

माझं मागणं एवढंच, की प्रॅक्टिकलला जर्नलवरची सही बघण्याऐवजी चिपला कळवणारी ती एक ओळ काढलेला कर्नल पोरांपुढे ठेवावा आणि अर्धा तास द्यावा. पुतणीला तोंडी परीक्षेत विचारलं, "इंटरप्टचे प्रकार किती?" तिनं सांगितले, पुढचा नंबर आत.

लॅबमध्ये मशीन कमी पडत असतील तर माझ्याकडची दोन शनिवारी दुपारी मोकळी असतात. कुणाही कॉलेजनं न्यावीत, यूपीएस तेवढा त्यांचा.

आपला,
एक दुकानदार वाचक, सांगली