अवकाश रिकामे नाही

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या विज्ञान पुरवणीतील उपग्रहांविषयीच्या लेखात, उपग्रह पृथ्वीभोवतीच्या 'निर्वात पोकळीत' फिरतात, असे म्हटले आहे. लेख एरवी उत्तम आहे; पण एवढा शब्द दुरुस्त व्हावा, कारण त्या पोकळीचा मोठा भाग आपल्याच वातावरणातून वर गेलेल्या थंड प्लाझ्माने, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभारित अणू) यांच्या विरळ वायूने, व्यापलेला आहे आणि तो दीर्घकाळ नजरेतून सुटला याचे मुख्य कारण खुद्द उपग्रहच होते.

'थंड' हे अर्थातच तुलनेने. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन तापमान. परंतु चुंबकावरणात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अमलाखालील अवकाशात, हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे कणही वावरत असल्याने तेथे काही इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा आयन थंडच म्हणायचा. उन्हातील अतिनील किरणांमुळे उपग्रहाच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन निसटतात, विरळ प्लाझ्मात त्यांची भरपाई होत नाही आणि उपग्रह कित्येक व्होल्टांनी धनभारित होतो. मग थंड धन आयन मापकापाशी पोहोचण्याआधीच मागे लोटले जातात.

यावरचा मार्ग २००० साली सोडलेल्या युरोपीय 'क्लस्टर' मोहिमेच्या उपग्रहांनी दाखवला. मी शिक्षक असताना पावसाळ्यात विद्यार्थ्यांना कन्हानच्या पुलावर नेत असे. खांबाच्या खालच्या अंगाला पाण्याची एक पट्टी संथ राहते, तीत वाळलेली पाने घुटमळतात आणि पट्टी कोणीकडे लांबली आहे यावरून प्रवाहाची दिशा कळते. वेगाने वाहणाऱ्या थंड आयनांची अशीच रिकामी पट्टी उपग्रहामागे पडते. आयन दूर लोटले गेल्यामुळे ती उपग्रहाहूनही रुंद असते, चपळ इलेक्ट्रॉन मात्र तीत शिरतात आणि ती ऋणभारित होते. लांब तारांच्या टोकांशी बसवलेले, एकमेकांपासून ८८ मीटरवरचे दोन गोळे तेथील विद्युत्‌क्षेत्र मोजतात, तेव्हा या पट्टीचे क्षेत्रही त्यात मिसळते. इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून तो कसा परततो हे पाहणाऱ्या दुसऱ्या उपकरणावर तिचा परिणाम जवळजवळ होत नाही. दोन मापनांतील तफावत एरवी कोणीही बिघाड समजून बाजूला ठेवली असती. स्वीडनच्या संशोधकांनी तिच्यातूनच प्रवाहाचा वेग काढला. मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

ध्रुवीय प्रदेशांतून दर सेकंदाला १० च्या २६ व्या घाताइतके आयन अशा प्रकारे बाहेर जातात, असा अंदाज त्यातून निघाला. हे वस्तुमान सौरवादळांच्या काळात चुंबकीय बलरेषा तुटून पुन्हा जुळण्याच्या, म्हणजेच सूर्याकडून येणारी ऊर्जा चुंबकावरणात शिरू देणाऱ्या, प्रक्रियेचा वेग बदलू शकते, म्हणून ही गोष्ट केवळ अभ्यासकांपुरती नाही.

पुरवणी शाळांच्या फळ्यावर लावली जाते, हे मी नागपुरात स्वतः पाहिले आहे. तेव्हा पुढील अंकात 'निर्वात' ऐवजी 'अतिविरळ प्लाझ्माने भरलेले' अशी दुरुस्ती, शक्य झाल्यास उपग्रहामागील पट्टीच्या साध्या आकृतीसह, छापावी, ही विनंती. आकृती काढून देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
नागपूर