कोशर पाटी आणि आपले शाकाहारी पाहुणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात अमेरिकेला येणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात एक सल्ला होता: न्यूयॉर्कमध्ये शाकाहारी माणसाची पंचाईत झाली, तर ‘कोशर’, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारे, अशी पाटी शोधावी आणि बिनधास्त आत शिरावे. आम्ही न्यूयॉर्क-न्यूजर्सी भागात खानपानाच्या धंद्यात असलेले काही मराठी लोक आहोत आणि कोशर स्वयंपाकघरांशी आमचा रोजचा संबंध येतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे. त्याच्या भरवशावर मुलांकडे आलेले आईवडील भलत्याच टेबलाशी जाऊन बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा तोरा या ज्यू धर्मग्रंथात तीनदा आली आहे. तिच्यावरून मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचे नाही, हा नियम ठरला. त्यामुळे कोशर उपाहारगृह बहुधा एक तर मांसाचे असते, नाही तर दुधाचे. दारावर किंवा प्रमाणपत्रावर ‘मीट’ अथवा ‘डेअरी’ लिहिलेले असते. जुनी मंडळी ‘फ्लायशिग’ आणि ‘मिल्खिग’ म्हणतात. मांसाच्या उपाहारगृहात गाय, बकरी, कोंबडी सगळे मिळते. क्वीन्समध्ये फॉरेस्ट हिल्स आणि रेगो पार्कला बुखारी ज्यूंची कबाबची दुकाने आहेत, ती पूर्ण कोशर आहेत आणि तिथे शाकाहारी माणसाला कोशिंबिरी आणि पावाखेरीज फारसे काही नाही. तिथले भाज्यांचे सूपही बरेचदा कोंबडीच्या पाण्यात केलेले असते. चहात दूध मागू नये. तिथे ते नसतेच.

दुधाच्या उपाहारगृहात मांस, चरबी, मांसाचा रस यांतले काही येत नाही. ही हमी साध्या पिझ्झाच्या दुकानापेक्षा कितीतरी पक्की आहे, आणि आपल्या लेखातला खरा भाग एवढाच. पण मासे आणि अंडी ‘पार्वे’, म्हणजे मांसही नाही आणि दूधही नाही अशा तिसऱ्या वर्गात धरली जातात. म्हणून दुधाच्या जवळपास प्रत्येक उपाहारगृहात सामन आणि ट्यूना असतात, अनेक पिझ्झावाल्यांकडे सुशीचा कोपराही असतो. बटाट्याच्या काड्या ज्या तेलात तळतात त्यातच माशाचे तुकडे तळले जातात. सीझर सॅलडवरच्या रसात अँचोव्ही हा मासा असतो. वूस्टरशर सॉसमध्येही तोच. आणि माशाचे प्रमाण साठाव्या भागाहून कमी असेल, तर प्रमाणपत्र देणाऱ्या काही संस्था बाटलीवर मासा असल्याचे लिहीतही नाहीत, कारण एरवी मासा मांसाबरोबर खात नसले तरी त्यांच्या हिशेबात एवढा अंश चालतो. काही कोशर गोड पदार्थांत जिलेटिन असते, ते बरेचदा माशापासून काढलेले. ‘पार्वे’ शब्द वाचून शाकाहारी माणसाने निश्चिंत होणे ही आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. पाकिटावरच्या चिन्हाशेजारचे ‘पी’ हे इंग्रजी अक्षर तर पार्वेचेही नाही. ते पेसाह या ज्यूंच्या सणासाठी चालते, एवढेच सांगते. ‘डी’ म्हणजे दुधाचे.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. ‘कोशर स्टाइल’ असे लिहिलेली जागा कोशर नसते. ह्यूस्टन स्ट्रीटवरचे 1888 पासूनचे कॅट्झ डेलिकेटेसन जगप्रसिद्ध आहे, ज्यू खाद्यपरंपरेतले आहे, पण कोशर नाही. तिथे मिळणाऱ्या रूबेन सँडविचमध्ये गोमांस आणि चीज एकत्र असतात, एवढी एक खूण पुरेशी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या 2004 च्या कायद्याप्रमाणे कोशर म्हणून अन्न विकणाऱ्याने ते कोण प्रमाणित करते हे दर्शनी भागात लावायचे असते. अन्न कोशर आहे की नाही हे सरकार ठरवत नाही. आधीच्या कायद्यात ते ठरवायला गेले, तेव्हा न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. म्हणून भिंतीवरच्या कागदावर तीन गोष्टी वाचाव्यात: संस्था किंवा रब्बाय (ज्यू धर्मगुरू) यांचे नाव, मांस की दूध, आणि मुदत. मुदत उलटलेला कागद, किंवा कागदावरचे नाव एक आणि दारावरचे दुसरे, असे दिसले तर कोशर पाळणारा माणूस तिथून परत फिरतो. ज्यू सहकाऱ्याला जेवायला नेणार असाल, तर कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र त्यांना चालते हे आधी त्यांनाच विचारा. ओयू, ओके, कोफ-के, स्टार-के, क्वीन्सचे ‘वाआद’ हे रब्बायांचे मंडळ या साऱ्यांची कडकाई सारखी नाही, आणि एकाला चालणारी जागा दुसऱ्याला चालत नाही, यात रागावण्यासारखे काही नसते.

आता मराठी शाकाहारी माणसाच्या खऱ्या सोयीच्या जागा. मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर सव्विसाव्या ते एकोणतिसाव्या रस्त्यांच्या आसपासच्या भागाला ‘करी हिल’ म्हणतात. तिथल्या अनेक दक्षिण भारतीय शाकाहारी उपाहारगृहांनी वर्षानुवर्षे कोशर प्रमाणपत्र घेतले आहे. डोसा, उत्तप्पा, थाळी. मासा नाही, अंडे नाही. चायनाटाउनमध्येही शाकाहारी चिनी कोशर जागा झाल्या. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंचे पाहुणे एका टेबलावर बसतात आणि कुणालाच काही समजावून सांगावे लागत नाही. जैन मंडळींना मात्र कांदा, लसूण, बटाटा वेगळा विचारावा लागतो. कोशर नियमांचा त्याच्याशी संबंध नाही.

शाकाहारी आहे म्हणजे आपोआप कोशर, असा उलटा समज आपल्या धंद्यातल्या लोकांत असतो आणि तो महागात पडतो. मुंबईतले शुद्ध शाकाहारी हॉटेलही त्या अर्थाने कोशर नसते. जागा घेतानाच अडचण सुरू होते: आधीच्या मालकाने तिथे मांस शिजवले असेल, तर स्टीलची भांडी घासूनपुसून चोवीस तास न वापरता ठेवायची आणि मग खळखळत्या पाण्यातून काढायची, तवा आणि शेगडीच्या जाळ्या लाल होईपर्यंत तापवायच्या, मातीची भांडी बहुधा टाकूनच द्यावी लागतात. द्राक्षापासून केलेले व्हिनेगर वाइनच्या कडक नियमांत येते, म्हणून साधे पांढरे व्हिनेगर, तेही चिन्ह पाहून. पनीर विकतचे चालेलच असे नाही. ते लिंबाने किंवा व्हिनेगरने नासवलेले असल्याने त्याला चीजचा, म्हणजे ज्यू देखरेखीखालीच बनवण्याचा, नियम लागतो का, यावर संस्थांत मतभेद आहेत, म्हणून बरेच जण देखरेखीखाली स्वतःच करतात. डब्यातल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. एरवी हरकत नाही, पेसाहच्या दिवसांत तो चालत नाही.

विस्तवाचा नियम सर्वांत नाजूक. भात, डाळ, भाजी यांसारखे शिजवल्याशिवाय न खाता येणारे आणि मानाच्या पानात वाढण्याजोगे पदार्थ शिजताना ज्यू व्यक्तीचा हात लागला पाहिजे. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत तिने विस्तव पेटवला तरी भागते, म्हणून ‘मशगियाख’, म्हणजे संस्थेचा देखरेख करणारा माणूस, सकाळी येऊन शेगड्या पेटवतो आणि गॅसची बारीक ज्योत दिवसभर तेवत ठेवतात. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, परंपरेचे अनेक जण भांडेही त्यानेच चढवावे असे मानतात. गडबड होते ती दुपारच्या गर्दीत. ज्योत विझते, आचारी सवयीने लायटर उचलतो आणि त्या शेगडीवरच्या पदार्थाचा प्रश्न उभा राहतो. शहाणा मालक लायटर मशगियाखच्याच ताब्यात ठेवतो. मांसाच्या उपाहारगृहात हा माणूस पूर्ण वेळ हजर असतो. शाकाहारी जागी बहुधा न सांगता येऊन-जाऊन तपासणी करतो, मालाची बिले आणि फडताळातली पाकिटे पडताळतो.

आणि किडे. ज्यू धर्मशास्त्रात डोळ्यांना दिसणारा कीटक खाणे डुकराच्या मांसाइतकेच निषिद्ध आहे, त्यामुळे कोथिंबीर, पुदिना, पालक, कोबी, कढीपत्ता या आपल्या रोजच्या जिनसांना सर्वांत जास्त वेळ जातो. कोथिंबिरीची मुळे कापून काड्या मोकळ्या करायच्या, थंड पाण्यात साबणाचे काही थेंब टाकून तीन-चार मिनिटे भिजवायच्या, हलवायच्या, वाहत्या पाण्यात धुवायच्या. मग स्वच्छ पाण्यात पुन्हा खळबळून ते पाणी बारीक विणीच्या पांढऱ्या फडक्यातून गाळायचे आणि फडके दिव्याच्या पेटीवर पसरून पाहायचे. थ्रिप्स जेमतेम मिलिमीटरभर लांब असतात; पांढऱ्यावर काळी रेघ हलली तर सगळे पहिल्यापासून करायचे. पुन्हापुन्हा सापडले तर जुडी टाकायची. ताजा फ्लॉवर कित्येक संस्था मंजूरच करत नाहीत, कारण तुऱ्याच्या आत पाणी पोचत नाही. त्याऐवजी प्रमाणित गोठवलेला वापरतात. तो थेट पिठात बुडवला तर पाणी सुटून मंचुरियन लिबलिबीत होते. ताटलीत पसरून, पाणी निथळू देऊन, कोरडा करूनच पिठात घालावा लागतो. कोशर जागी गोबी मऊ का लागते, याचे उत्तर बरेचदा इथे असते.

पाण्याचीही गोष्ट आहे. कॅटस्किल आणि डेलावेअर खोऱ्यांतून शहराला येणारे पाणी निर्जंतुक केलेले असते, पण गाळलेले नसते. 2004 मध्ये नळाच्या पाण्यात कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव आढळले, आणि कोळंबी-खेकड्याप्रमाणे कवचधारी जीव निषिद्ध असल्याने रब्बायांत मोठी चर्चा झाली. एकमत झाले नाही, तरी तेव्हापासून अनेक कोशर उपाहारगृहांनी नळाला गाळणी बसवली. टेबलावरच्या ग्लासापर्यंत जाणारी अशी काटेकोर काळजी आम्हाला मनापासून आदराची वाटते. रायगडच्या आणि मुंबईच्या बेने इस्राएल मंडळींनी मटणाच्या रश्शात दह्याऐवजी नारळाचे दूध घालून मांस आणि दूध एकत्र न आणण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या मराठी चुलीवर सांभाळला आहे, तेव्हा मराठी वाचकांना हा विषय अगदी परका वाटू नये.

पाहुण्यांनी वेळापत्रकही लक्षात ठेवावे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शुक्रवारी ही उपाहारगृहे दुपारीच आवरतात. डिसेंबरात न्यूयॉर्कचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा जेवायचे असेल तर बारा-एकलाच पोचावे. शनिवारी बंद. हिवाळ्यात शनिवारी रात्री बरीचशी पुन्हा उघडतात आणि गर्दी उसळते; जूनमध्ये शब्बाथ संपायलाच नऊ वाजून जातात, म्हणून सहसा उघडत नाहीत. मालक ज्यू नसेल तर काही संस्था शनिवारी दुकान चालू ठेवू देतात, काही देत नाहीत. करी हिलला हा फरक दिसतो. पेसाहच्या आठ दिवसांत बहुतेक ठिकाणी टाळे असते, आणि जिथे नसते तिथेही अश्केनाझी परंपरेनुसार भात-डाळ नसते. जुलै-ऑगस्टमध्ये तिशा बआव या उपवासापर्यंतचे नऊ दिवस आपल्या श्रावणासारखे असतात: मांस वर्ज्य, त्यामुळे दुधाच्या जागी टेबल मिळणे मुश्कील.

शेवटी एक सवय, जिच्यामुळे आपले लोक नकळत उपाहारगृहाला अडचणीत आणतात. कोशर उपाहारगृहात बाहेरचे खाणे नेऊ नये. पिशवीतले ठेपले, चिवडा, नातवाची दुधाची बाटली, वाढदिवसाचा केक, कशालाही हाच नियम. मांसाच्या जागी दुधाची बाटली उघडून ताटलीत सांडली, तर ती ताटली बाजूला काढून मशगियाखला दाखवावी लागते. तान्ह्या बाळाचे दूध असेल तर आधी विचारा. बहुधा ते कागदी कपात, बाजूला बसून द्यायला सांगतात. केक प्रमाणित बेकरीतून, सील न तोडता आणावा. वाइन आणायची मुभा असलीच तर बंद बाटलीत आणि ‘मेवुशाल’ लिहिलेली, म्हणजे आधी तापवलेली, कारण ती ज्यू नसलेल्या वेटरने ओतली तरी चालते. उलट, घरी किंवा कार्यालयात ज्यू पाहुण्यासाठी कोशर जेवण मागवले, तर ते दुहेरी आवरणात येते. ते आवरण तुम्ही उघडू नका, आहे तसेच गरम करा आणि सोबत नवे प्लास्टिकचे चमचे द्या. आपली स्टीलची ताटे कितीही लखलखीत असली तरी त्यात वाढू नये.

आमची विनंती एवढीच की पुरवणीत पुढच्या वेळी न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांचे पत्ते छापताना प्रत्येकापुढे मांस, दूध की पूर्ण शाकाहारी हे लिहावे, शुक्रवार-शनिवारच्या वेळा द्याव्यात आणि माहिती कोणत्या महिन्यात तपासली तेही छापावे. प्रमाणपत्रे बदलतात, जागा बंद होतात. आणि शाकाहारी वाचकांना दारातच विचारायचे दोन प्रश्न सांगावेत: ‘मीट की डेअरी?’ आणि डेअरी असेल तर, ‘यात मासा किंवा अंडे आहे का?’

आपले,
खानपान व्यवसायातील काही मराठी वाचक
क्वीन्स, न्यूयॉर्क