कंपनीचे खरे रुपये आटणीत चालले, खोट्याला लाखाचा भाव

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सध्या आमच्या दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यात परत एकदा मोबाईलवर ते व्हिडिओ जोरात फिरून राहिलेत, ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं दाखवा आणि लाखो रुपये घ्या. आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याने कापसाचा चुकारा हातात आला तसा त्यातला बराच पैसा "रजिस्ट्रेशन फी" आणि मग "जीएसटी" म्हणून अशा माणसाला ऑनलाइन पाठवला, पुढे फोन बंद. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर सांगितलं आहे की आम्ही जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि कुणाकडून फी घेत नाही, पण ते गावापर्यंत पोचलंच नाही. म्हणून हे पत्र.

त्या शेतकऱ्याजवळचं नाणं मी पाहिलं. तांब्याचं, जाडजूड, एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, टू आना, १८१८. घरची म्हातारी म्हणे, "देवाचं नानं हाये बापू, लाखाचं हाये म्हनते." आता कंपनीने दोन आण्याचं नाणं पाडलं ते चांदीचं, त्यावर साल १८४१ आणि राणीचं तोंड, वजन दीड ग्रॅमच्या आत, हातात घेतलं तर नखाएवढं वाटते. तांब्याचं दोन आणे कंपनीने कधी पाडलंच नाही. काही नाण्यांवर तर १६१६ साल असते, तेव्हा मुंबईसुद्धा कंपनीची नव्हती, ती मिळाली १६६८ मध्ये, वर्षाला दहा पौंड भाड्याने. देवाचं चित्र कंपनीच्या नाण्यावर नव्हतंच असं मात्र नाही, मद्रासकडे सोन्याचे छोटे होन पाडले त्यावर विष्णू आणि दोन देवी आहेत, पण ते सोन्याचे आणि जेमतेम साडेतीन ग्रॅमचे. ते तांदूळ ओढणारं नाणं म्हणतात ती तर सरळ फसवणूक आहे, तांदळात लोखंडाचा कीस मिसळतात आणि खाली चुंबक लपवतात.

मला जास्त वाईट वाटते ते पुढच्या गोष्टीचं. ज्या घरात हे खोटं नाणं देव्हाऱ्यात पुजून ठेवलं आहे त्याच घरातले खरे कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातले चांदीचे रुपये, सराफाकडे आटणीला, म्हणजे वितळवायला जाऊन राहिले. लग्न निघालं, दवाखाना लागला की आजीच्या गाठोड्यातले रुपये काढायचे आणि चांदीच्या भावात मोडायचे. गरजेला मोडतात त्यांना मी नावं ठेवत नाही, पण मोडायच्या आधी एकदा पाहा तरी काय आहे ते.

१८३५ चा रुपया घ्या. त्यावर चौथा विल्यम राजा आहे, उघड्या डोक्याचा, आणि त्याच्या मानेच्या कापावर कधी कधी बारीकसं इंग्रजी एफ अक्षर दिसते, ते कलकत्त्याच्या टाकसाळीतल्या फोर्ब्ज साहेबाचं. मागे पानांच्या माळेत इंग्रजीत वन रुपी आणि खाली फारसीत यक रुपिया. वजन ११.६६ ग्रॅम, बाराला अकरा भाग चांदी. १८४० पासून राणी व्हिक्टोरिया आली, तिच्यात दोन प्रकार, एकात नाव डोक्यावरून सलग गेलेलं, दुसऱ्यात डोक्याच्या दोन बाजूंना तुटलेलं, आणि साल मात्र १८४० च ठेवून पुढे कितीतरी वर्षं पाडत राहिले. आमच्या भागातल्या बंजारा बायकांच्या हारात हे रुपये मी पाहिले आहेत, वर कडी डाग देऊन बसवलेली, सततच्या घासण्याने राणीचा गाल गुळगुळीत झालेला. अशा नाण्याला बाजारात किंमत कमी येते पण माझ्या मते तो हार तसाच राहावा, कडी काढून नाणं विकू नये.

तांब्यात पाव आणा भरपूर सापडतो, १८३५, १८५७ आणि १८५८ चा, एका बाजूला दोन सिंह निशाण घेऊन उभे. तो कुणी ठेवतही नाही, भंगारात जातो. आणि १८३५ च्या आधीचे कंपनीचे रुपये तर लोक ओळखतच नाहीत कारण त्यावर सगळं फारसी, बहुतेक शाह आलम बादशहाच्या नावाने पाडलेले.

आपल्या वऱ्हाडात हा पैसा काही सहज आला नाही. १८०३ च्या नोव्हेंबरात कंपनी आणि भोसल्यांची अडगावची लढाई, डिसेंबरात भोसल्यांचा गाविलगड पडला, १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेलं आणि पुढच्या वर्षी नागपूरचं राज्यच खालसा झालं. त्याआधी इथे भोसल्यांचा नागपुरी रुपया, निजामाचे रुपये असं सगळं मिसळून चाले आणि प्रत्येक नाण्यावर सराफ बट्टा कापून घेई. हा इतिहास पुस्तकात दोन ओळींचा आहे, पण आपल्या गाठोड्यात तो हाताने चाचपता येते.

आणखी एक, नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया खणताना नाण्यांचं मडकं लागलं तर लपवू नका. १८७८ चा कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावंच लागते. आणि चिंच-राखेने घासू तर बिलकुल नका, नाण्यावरची जुनी झाक गेली की त्याचा अर्धा जीव गेला.

साहेब, माझी विनंती एवढीच की आपल्या पेपरच्या विदर्भ आवृत्तीत दर महिन्याला अर्धा कॉलम द्या, एक खरं नाणं आणि त्याचं खोटं शेजारी शेजारी. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय, १८६३ पासून उभा आहे, तिथल्या माणसांनी एकदा तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी इकडे येऊन लोकांची नाणी पाहून दिली तर फार उपकार होतील. फोटो छापताना फक्त दोन बाजू नका छापू, कड पण छापा, ओतीव खोट्या नाण्याचा जोड बऱ्याचदा तिथेच सापडते.

आपला नियमित वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती