गाडी दुरुस्त न केल्याबद्दल थँक्यू, मिस्त्री मामा

मामा, नमस्कार.

मोबाईलवर लांबलचक काही वाचत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात, त्यामुळे हे तुमच्या भाच्याने तुम्हाला वाचून दाखवायचंय, आणि मामींनी पण शेजारी बसून ऐकायचंय. ओळख पटावी म्हणून सांगते, १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमीची दुपार, टेम्पोच्या मागे दोरीने बांधून आणलेली पांढरी गाडी आणि पुढच्या सीटवर मोठमोठ्याने रामरक्षा म्हणणारी म्हातारी, ते डोंबिवलीकर आम्ही.

आम्ही निघालो होतो कोल्हापूरला. नवमीला अंबाबाई, दसरा तिथेच, मग पन्हाळा वगैरे, हॉटेल बुक, सगळं एक्सेलमध्ये, कारण आमच्याकडे नवऱ्याला एक्सेलशिवाय सुट्टी घेता येत नाही. खंबाटकी घाटात दोन तास पहिल्या गिअरमध्ये घासत घासत चढलो तिथेच बहुतेक क्लचने मान टाकायला सुरुवात केली असणार, आणि आनेवाडीचा टोल ओलांडून थोडं पुढे आल्यावर गाडी नुसती बोंबलायला लागली, पुढे काही जाईना. हेल्पलाइनवर नुसतं म्युझिक. शेवटी एका टेम्पोवाल्याने साताऱ्यात आणून तुमच्या दारात सोडलं, पोवई नाक्याजवळ, आणि आम्हाला वाटलं सुटलो बाबा एकदाचे.

तर तुम्ही धुतलेला शर्ट घालून, कपाळाला कुंकू, खुर्ची टाकून निवांत बसलेले. मागे सतरंजीवर सगळे पाने, स्क्रू-ड्रायव्हर, हातोड्या, जॅक ओळीने मांडलेले, झेंडूची फुलं वाहिलेली, उदबत्ती चालू. बॉनेट उघडून बघितलंत, "क्लच प्लेट गेल्या" म्हणालात, आणि परत जाऊन बसलात. "ताई, हत्यारं पूजेला बसल्यात. आज पाना उचलायचा न्हाई. उद्या दसरा, पार्टचं दुकान बंद. परवा सकाळी पयली तुमचीच गाडी."

नवरा म्हणाला दुप्पट घ्या. तुम्ही हसलात फक्त. आता कबूल करते, मी मनात तुम्हाला भरपूर बोलले होते. कोल्हापूर अजून सव्वाशे किलोमीटर, हॉटेलचे पैसे भरलेले आणि इथे हा माणूस पान्याला सुट्टी देऊन बसलाय! पण मग तुम्हीच विचारलंत की जेवला का, आणि उत्तराची वाट न बघता मामींना हाक मारलीत. नवमीचा नैवेद्य, पुरणपोळी आणि कटाची आमटी, चार अनोळखी माणसांना, तेही आमच्या त्या अवतारात. सासूबाईंची रामरक्षा दुसऱ्या पोळीला थांबली.

पुढचं सगळं तुम्ही उभ्या उभ्या ठरवून टाकलंत. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, राहा. भाच्याची वडापची, म्हणजे सीटवर पॅसेंजर नेणारी जीप आहे, तो फिरवेल. संध्याकाळी किल्ल्यावर जा, आजींना गुडघ्याचं काही टेन्शन नको, वरपर्यंत गाडी जाते. "कोल्हापूर कुठं पळून जातंय व्हय?"

अजिंक्यतारा आम्ही आयुष्यभर हायवेवरून बघितलाय, तो डावीकडे की उजवीकडे यावर भांडणं पण झालीयेत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा उलटं बघितलं, किल्ल्यावरून खाली. अख्खं शहर डोंगरांच्या कुशीत ठेवल्यासारखं, समोर यवतेश्वरचा डोंगर, पाऊस नुकताच उघडलेला म्हणून सगळं हिरवंगार आणि हवा अशी की लांबचं घर न् घर वेगळं दिसत होतं. मंगळाईच्या देवळात नवरात्राची गर्दी. सासूबाई म्हणाल्या, अंबाबाईने इथेच भेटायचं ठरवलं असेल तर आपण कोण, आणि तो विषय तिथे मिटला. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात ते का, ते पण कळलं. आम्हाला अजून वीस वर्षं आहेत रिटायरमेंटला, पण नवरा उतरताना टू बीएचकेचे रेट विचारायला लागला होता.

दसऱ्याला पहाटे भाच्याने उठवलं. फुलांच्या कास पठाराचं बुकिंग त्याने रात्रीच बघून ठेवलं होतं. सुट्टीची गर्दी व्हायच्या आत पोचायचं म्हणून सहाला निघालो, पंचवीस किलोमीटर पण अर्धा रस्ता धुक्यात. तुम्ही आधीच सांगितलं होतं की शिजन संपत आलाय, फोटोतल्यासारखा गुलाबी गालिचा मागू नका. नव्हताच. सोनकीचा पिवळा पट्टा मात्र अजून टिकून होता, मध्ये मध्ये गेंदाची पांढरी बोंडं, तळ्यात थोडी कुमुदिनी. मी जरा हिरमुसले, खोटं कशाला बोलू. मग भाचा मुलीला म्हणाला, उभं राहून काय दिसत न्हाई, खाली बस. आणि वाटेच्या कडेला ओल्या जांभ्यावर नखाएवढी निळी-जांभळी फुलं दाखवली, सीतेची आसवं. एवढुशी फुलं पण झाड किडे खाणारं, मुळांपाशी बारीक पिशव्या असतात त्यात पाण्यातले जीव ओढून घेतं, कारण त्या कातळावर माती बोटभर, खायला काही नाही. नऊ वर्षांच्या मुलीला याच्याहून भारी काय पाहिजे! ती पाऊण तास तिथून हलली नाही. साडेआठशेच्या वर जातीची फुलझाडं आहेत या पठारावर, २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलं वगैरे माहिती मी वाचून गेले होते, पण तिने शाळेत जाऊन सांगितलं ते फक्त किडे खाणाऱ्या आसवांचं.

येताना कास तलावाशी थांबलो. भाचा म्हणाला, काल पिलात ना तो चहा, हितलंच पाणी, सातारा हेच पितो. तेव्हापासून सासूबाई म्हणतायत की डोंबिवलीत चहा नीट होत नाही.

संध्याकाळी खाली आलो तर काय, आमच्या बंद पडलेल्या गाडीची पूजा! झेंडूचा हार, आंब्याची पानं, बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, चारही चाकांखाली लिंबं. जी गाडी एक इंच हलत नाही तिच्या चाकांखाली लिंबं!! मी हसून हसून खाली बसले आणि तुम्ही एकदम गंभीर, "बंद हाय म्हणून काय दसरा न्हाई का तिला". मग सोनं वाटलं, राजघराण्याच्या जलमंदिर वाड्यातून भवानी तलवारीची पालखी निघते ती बघायला तुम्ही मुलीला खांद्यावर घेऊन गेलात. तिचे आजोबा ती दोन वर्षांची असताना गेले. एवढंच लिहिते.

तिसऱ्या दिवशी तुम्ही क्लच बसवेपर्यंत आम्ही सज्जनगड करून आलो, सासूबाई पायऱ्या चढल्या (हो, चढल्या, मध्ये चारदा बसून), वरून उरमोडी धरणाचं पाणी बघितलं, प्रसाद घेतला. बिल केलंत ते प्लेटचं आणि मजुरीचं. खोल्यांचं विचारलं तर रागावलात. मामींनी वर शेंगदाण्याची चटणी आणि कंदी पेढे दिले, पेढे पुण्याच्या आत संपले.

हॉटेलचे पैसे बुडालेच. एक्सेलमध्ये नवऱ्याने कोल्हापूरच्या रकान्यात लाल रंग भरला आणि पुढे लिहिलं, सातारा, तीन दिवस, राहणं शून्य रुपये.

आता खरं काम. काल डिकी साफ करताना तुमचा १४-१५चा पाना सापडला, फडक्यात गुंडाळलेला, अजून कुंकू आहे त्याच्यावर. नवरा म्हणाला कुरियर करू, तर मुलगी पाना घेऊन खोलीत जाऊन बसली. म्हणते कुरियर नाही, आपण न्यायचा. तेव्हा पुढच्या खंडेनवमीच्या आत आणून देतो, तुमच्या पूजेत एक पाना कमी नको. या वेळी एसटीने येतो.